मेट्रनबाईंचा मांडव

मेट्रनबाईंनी नाडी न बघता मला कधी नमस्कार केल्याचं आठवत नाही. सकाळी जिन्यात भेटल्या की माझं मनगट धरायच्या, स्वतःच्या घड्याळाकडे बघत ओठ हलवायच्या आणि समाधान झालं तरच "राम राम, सर" म्हणायच्या. समाधान झालं नाही की राम राम रद्द. "आधी पाणी प्या, मंग बोला," एवढं सांगून पुढे निघायच्या. माणसं पाणी न पिता बोलायला लागतात म्हणून जगातली निम्मी भांडणं होतात, असं त्यांचं ठाम मत होतं.

त्यांचं नाव इंदुमती भोयर. माहेर तळेगावचं, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातल्या श्यामजी पंतांच्या तळेगावचं, वडील शेतकरी. दवाखान्यात नर्स म्हणून लागल्या आणि मेट्रन होऊन निवृत्त झाल्या. निवृत्त झाल्या हे दवाखान्याचं म्हणणं. त्यांनी स्वतः ते मान्य केलेलं मला तरी दिसलं नाही. वर्ध्याहून सेलूकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची जुनी इमारत आहे, सहा घरांची. त्या सहा घरांचा त्यांनी वॉर्ड केला होता. तळमजल्यावरचे राठीजी, म्हणजे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, हे बेड नंबर एक. सगळ्यात वरच्या मजल्यावर, त्यांच्या दारासमोर राहणारा मी, बेड नंबर पाच. त्यांना स्वतःला नंबर नव्हता. एकदा माझी पुस्तकं घेऊन आलेल्या कुरियरवाल्याला त्यांनी सांगितलं, "बेड नंबर पाच वर आहे, पन आता झोपले असन." तो पोरगा पार्सल दाराशी ठेवून चप्पल हातात घेऊन उतरला.

त्यांच्या पर्समध्ये जांभळ्या औषधाची एक बाटली कायम असे. जुन्या काळी शाळेतल्या पोरांच्या गुडघ्यांना लावत ते. मेट्रनबाईंचा त्या औषधावर जेवढा विश्वास होता तेवढा देवावर नसावा. खरचटलं, चिरलं, फुटलं, काहीही असो, जांभळं. आमच्या रस्त्यावरच्या एका कुत्र्याचा डावा कान वर्षभर जांभळा होता. जिन्यातल्या भिंतीला तडा गेला तेव्हा गवंडी येईपर्यंत असू दे म्हणून त्यांनी तड्याच्या कडांनासुद्धा बोटभर लावून ठेवलं होतं. त्यांचं निदान नेहमी बरोबर असे असं नाही. पण उशिरा कधीच नसे.

आमच्याकडचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना वरच्या मजल्याबद्दल सांगायला नको. दिवसभर स्लॅब तापतो आणि रात्रभर ती आग खाली सांडत राहतो. नळ सोडला की चहाचं पाणी येतं. पंखा लावला तर वरची झळ खाली येते, बंद ठेवला तर आहे तिथेच बसते. मेट्रनबाई म्हणायच्या, "स्लॅबले ताप आहे." एकदा त्यांनी खरोखरच गच्चीवर जाऊन त्याला थर्मामीटर टेकवला. तो फुटला. "पेशंट सिरियस आहे," असं मला सांगून त्या काचा गोळा करायला परत वर गेल्या.

एका मे महिन्यात मेट्रनबाई स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडल्या. भांडं पडल्याचा आवाज ऐकून मी गेलो. तोंडावर पाणी मारलं. त्यांनी डोळे उघडले, इकडेतिकडे बघितलं आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे माझं मनगट धरलं. "तुमचीच जास्त पळून राह्यली," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून त्यांचा मुलगा प्रशांत आला. शांत, समजूतदार मुलगा. पण हुकूम देण्याची पद्धत आईचीच.

"आई, हे घर आता बंद. तू पुण्याला चल."

"तिथं मी काय करू?"

"आराम."

"आराम तं मेल्यावर असतेच. तिथं मी एक महिना राहून आली ना. अकराव्या मजल्यावर. दिवसभर माणूस नाई दिसत. लिफ्टमधी एका बाईची नाडी पाह्यली तं तिनं वॉचमनले बोलावलं."

"हे हसण्यावारी नेऊ नको. सर धावले नसते तर?"

मेट्रनबाईंनी पेलाभर पाणी घेतलं आणि पिऊन टाकलं. मग म्हणाल्या, "एक काम कर. पुढचा मे मी ह्याच घरात काढीन. काढला, अन् मले काही झालं नाई, तं तू पुन्हा पुण्याचं नाव काढाचं नाई."

"आणि नाही काढता आला तर?"

"तं येईन. बॅग भरून येईन. सर साक्षीदार आहेत."

प्रशांतनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तो गेल्यावर मेट्रनबाई आपल्या घराच्या छताकडे बराच वेळ बघत उभ्या राहिल्या, जसं एखाद्या अवघड पेशंटकडे बघावं तसं. त्यांच्या हातात एक वर्ष होतं.

जाण्याआधी प्रशांतनं एक इंजिनिअर आणून दाखवला होता. त्यानं सांगितलं, इमारत जुनी आहे, वर वजन चालणार नाही. म्हणजे दुसरा स्लॅब नाही, विटा नाहीत. टिनाचं शेड राठीजींच्या दुकानामागे होतं, तिथे दुपारी उभं राहून मेट्रनबाई पाच मिनिटांत परत आल्या. "भट्टी आहे ते." आणि मग एका सकाळी जिन्यात त्यांनी माझी नाडी पाहायला विसरून एकदम सांगितलं, "बांबू!" तळेगावला त्यांच्या वडिलांच्या वावरात बांबूचा मांडव होता. वर तुराट्या टाकलेल्या. त्याखाली माठ असे आणि दुपारी माणसं-बैलं सगळी तिथे. "बाहेर आग, अन् आत माय आमाले पांघरून टाकून झोपवे," त्या म्हणाल्या. पांघरुणाचं मला खरं वाटलं नाही, पण मी आधी पाणी प्यालो आणि मग काहीच बोललो नाही.

सोसायटीची बैठक पार्किंगमध्ये भरली. राठीजी कापडाचे व्यापारी. भले आणि घाबरट. दुसरं कुणी घेत नव्हतं म्हणून सेक्रेटरीपद त्यांच्याकडे होतं.

"देखो मेट्रनबाई, गच्ची सगळ्यांची आहे. उद्या स्लॅबला छेद पडला, पाणी झिरपलं, तो जिम्मेदारी कुणाची?"

"छेद पाडतच नाई. खांबाचे पाय प्लास्टरमधी बसवतो."

म्हणजे तेलाच्या रिकाम्या पिप्यांत सिमेंट आणि गिट्टी ओतून त्यात बांबू उभे करायचे, पिपे खालच्या भिंतींच्या रेषेत स्लॅबवर ठेवायचे आणि वरून दोर ताणून कठड्याला बांधायचे.

"और आंधी आली तर?"

"राठीजी, धनुर्वाताचं इंजेक्शन देताना तुमी कोनाकोनाचं नाव घेऊन बोंबलत होता, ते सांगू काय सगळ्याइले?"

राठीजींनी आंधीचा मुद्दा मागे घेतला.

खरा विरोध राठीभाभींचा होता, आणि तो न्यायाचा होता. आमच्या गच्चीवर फाल्गुन-चैत्रात पाय ठेवायला जागा नसते. कुरड्या, पापड, सांडगे, मुगवड्या. सहाही घरांच्या बाया एकमेकींच्या साड्या अंथरून वर्षभराचं वाळवण करतात. "ताई, सावलीत कधी पापड वाळला आहे का?" भाभी म्हणाल्या. "तुमची सावली आली की आमचं साल गेलं." बाकीच्या बाया भाभींच्या मागे उभ्या राहिल्या. मेट्रनबाई पहिल्यांदाच अडल्या. त्यांनी खडू मागितला, गच्चीवर गेल्या आणि मधोमध एक रेघ ओढली. त्यांच्या आणि माझ्या निजायच्या खोल्यांवरचा भाग मांडवाखाली, उरलेला मोकळ्या उन्हात. "इकडं ॲडमिट," त्या म्हणाल्या, "अन् तिकडं ओपीडी." कावळे आणि माकडं हाकलण्याची जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली, तेव्हा कुठे बाया खाली उतरल्या. त्या उन्हाच्या भागाला आजही आमच्याकडे ओपीडीच म्हणतात. "ओपीडीत मिरच्या टाकून आली," असं नव्यानं राहायला आलेल्या सूनबाईसुद्धा म्हणतात.

बांबूचं काम करायला सेलूहून देवराव आले. सुपं, टोपल्या, तट्टे विणणारे. शिवाय लग्नसराईत मांडव घालणारे. मोठ्या मिशा आणि त्याहून मोठा आवाज. "बाई, मी घातलेल्या मांडवातलं एकही लग्न मोडलं नाई," ही त्यांनी स्वतःची ओळख करून दिली.

"मले लग्न नाई कराचं. सावली पाह्यजे."

"सावली तं फुकटच भेटते त्याच्यासंगं."

दोघांचं जमणार नाही हे मला तिथेच कळलं. बांबू केव्हा तोडायचा यावरून सुरुवात झाली. देवरावांचं म्हणणं, अंधाऱ्या पाखात, चंद्र उतरणीला असताना तोडला की कीड लागत नाही. मेट्रनबाईंचं म्हणणं, चंद्र पाहून ऑपरेशन करत नाहीत. शेवटी बांबू देवरावांच्या मर्जीनं अंधाऱ्या पाखात तुटला, पण त्याच्या पुढचं सगळं आपल्या मर्जीनं होईल, असं मेट्रनबाईंनी कबूल करून घेतलं.

आणि मग बांबू आले तो दिवस.

मी सकाळी पेपर आणायला चौकात गेलो होतो. परत आलो तर आमच्या फाटकासमोर माणसं उभी. रस्त्याच्या कडेला छोट्या टेम्पोतून उतरवलेले हिरवे बांबू आडवे पडलेले. त्यांच्याशेजारी तणसाची पेंढी, सुतळीचं बंडल आणि वर पालथं घातलेलं कोरं मडकं. आमच्याकडे एवढ्या चार वस्तू एका जागी दिसल्या की कुणी काही विचारत नाही. देवराव सामान टाकून कोपऱ्यावर चहा प्यायला गेले होते. दुधवाल्यानं आधी पाहिलं. त्यानं समोरच्या घरात सांगितलं, "वरच्या मेट्रनबाई गेल्या वाटते." मे महिन्यातली चक्कर सगळ्यांना माहीत होती, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. मी पोचलो तेव्हा राठीजी दुकानाची किल्ली परत खिशात घालून डोक्याला रुमाल बांधून उभे होते. आतून पांढऱ्या कापडाचा तागा आणून त्यांनी काखेत धरला होता. "बहोत अच्छी बाई होती," ते एकाला सांगत होते. "हाथ इतका हलका की इंजेक्शन कळायचंच नाही." राठीभाभी पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. प्रशांतला फोन लागला होता आणि राठीजी त्याला फक्त "बेटा, तू निकल, बस" एवढंच सांगू शकत होते.

मला काय वाटलं ते मी लिहीत नाही. अर्ध्या तासापूर्वीच त्यांनी माझी नाडी पाहिली होती, आणि हे मी कुणाला सांगायला हवं होतं. पण माणसं इतकी होती, आणि इतकी खात्रीनं उभी होती, की मीही पेपर काखेत घालून त्यांच्यात जाऊन उभा राहिलो.

तेवढ्यात वरून आवाज आला, "कोन गेलं हो?"

सगळ्यांनी माना वर केल्या. गच्चीच्या कठड्यावरून मेट्रनबाई वाकून बघत होत्या. हातात मोजायची टेप.

राठीजींनी तागा पाठीमागे लपवला. शेवटी दुधवाला, तो बिचारा खरं बोलणारा, म्हणाला, "तुमीच, बाई."

"मी?" मेट्रनबाईंनी क्षणभर विचार केला. "मंग तुमचा चाय कोन मांडन?"

कोपऱ्यावरून देवराव मिशा पुसत आले. त्यांना गर्दी कशाची हे कळेना. "मडकं काऊन आणलं?" राठीजी त्यांच्या अंगावर धावून गेले. देवराव म्हणाले, "बाईनंच सांगतलं तं, माठ आणजो म्हणून. अन् तिरडीले दोन बांबू लागते, शेटजी. इथं तं अख्खा मोहल्ला जाईन एवढे आहेत."

मेट्रनबाई खाली आल्या त्या रागावून नव्हे. त्यांनी गर्दीवरून एकदा नजर फिरवली, जशी वॉर्डाच्या दारातून फिरवत असतील. "आलेच आहात तं रिकाम्या हातानं वापस नका जाऊ," म्हणाल्या. "एकेकानं खांदा द्या. जिन्यातून जाणार नाई, समोरून दोरानं चढवा लागते." आणि खरंच, त्यांना पोचवायला आलेल्या माणसांनी सगळे बांबू खांद्यावर घेऊन भिंतीशी नेले आणि दोर लावून वर चढवले. राठीजींनी तागा घरात ठेवला आणि दोर ओढला. सगळं झाल्यावर मेट्रनबाईंनी प्रत्येकाला आधी पाणी दिलं, मग चहा. प्रशांतला त्यांनी स्वतः फोन केला. "अरे, मी जिती आहे. आता येऊ नको, मे महिन्यात येजो."

मांडव उभा राहायला फाल्गुन उजाडला. देवराव बांबूच्या सांध्यांना सुतळीचे वेढे देत आणि मेट्रनबाई मागे उभ्या राहून म्हणत, "असं नाई, आठच्या आकड्याचं बँडेज करा."

"बाई, मी बांबू बांधून राह्यलो, मनगट नाई."

"सांधा तो सांधा."

शेवटी निम्मे सांधे देवरावांच्या पद्धतीचे झाले आणि निम्मे बँडेजचे. तोडलेल्या प्रत्येक बांबूच्या टोकाला मेट्रनबाईंनी ब्रशनं जांभळं औषध फासलं. देवरावांना हे फार लागलं. "माह्या बांबूले काय गालफुगी झाली काय?" ते मला म्हणाले. "सेलूत कोनी पाह्यलं तं मले तोंड दाखवाले जागा नाई." तरी काम संपवून जाताना मेट्रनबाईंनी त्यांच्या अवजारांच्या पिशवीत एक भरलेली बाटली टाकलीच. "मी हे काय करू?" "राहू द्या. कुठंतरी लागतेच."

मांडवाखाली पहिल्यांदा जाऊन बसल्या त्या राठीभाभी. कुरड्या वाळवायला ऊन लागतं, पण चीक घेऊन सोऱ्यानं घालत बसायला सावली बरी, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं. मग सगळ्याच बाया तिथे बसू लागल्या. मीही एका कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसे. आठवड्याभरात माझ्या पानांवर पिवळा, बारीक भुसा पडू लागला. बांबूला कीड लागली होती.

देवरावांना बोलावलं. ते म्हणाले, अंधाऱ्या पाखातल्या बांबूला कीड लागूच शकत नाही. हे जांभळ्याचं पाप. मेट्रनबाई म्हणाल्या, जांभळं लावल्यावर इन्फेक्शन होऊच शकत नाही. हे अंधाऱ्या पाखाचं पाप. मी एका पुस्तकात वाचलं होतं की बोरिकची पावडर यावर चालते, ते सांगितलं. तेव्हा त्या दोघांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं. "सर," देवराव म्हणाले, "तुमी आधी पाणी प्या."

पुढे काही दिवस राठीजींचा नोकर तक्रार करत होता की चौकातल्या दुकानात कॅरमची बोरिक पावडर मिळत नाही, कुणीतरी सगळी उचलली. भुसा हळूहळू थांबला. मेट्रनबाईंच्या बोटांना त्या दिवसांत जांभळ्यासोबत पांढरंही लागलेलं असे. त्या भुशामुळे की कशामुळे, त्या वर्षी भाभींच्या कुरड्या जरा खमंग झाल्याचं सगळे म्हणाले.

चैत्राच्या शेवटी वावधन आलं. दुपारची वेळ. पश्चिमेकडे आभाळ मातकट झालं, आणि बघता बघता धुळीची भिंत रस्त्यावरून चालत आली. पत्रे वाजू लागले. मी दार लावत होतो तर मेट्रनबाई पदर खोचून गच्चीकडे धावताना दिसल्या. "सगळे वर या! पेशंट हातचा चालला!"

वर जाऊन पाहिलं तर मांडवाचा एक कोपरा, प्लास्टरमधल्या पायासकट, स्लॅबवरून वीतभर उचलला जात होता आणि परत आपटत होता. छपराचे तट्टे फडफडत होते. माझ्या मनात एकच गोष्ट आली, हा उडाला तर बाई पुण्याला गेल्या. मेट्रनबाईंच्याही मनात तेच असावं, कारण त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्या दोन्ही हातांनी दोर धरून मागे रेलल्या होत्या आणि दोर त्यांना पुढे ओढत होता.

राठीजी आले. धापा टाकत, धोतर सावरत. त्यांनी दोर धरला, मग भाभींनी राठीजींना धरलं, मग मी, मग पहिल्या मजल्यावरची दोन माणसं. वारा ओरडत होता आणि त्याच्यावर मेट्रनबाई ओरडत होत्या, "राठीजी, डोये उघडा! इंजेक्शन नाई देत कोनी!"

"मेट्रनबाई," राठीजी डोळे घट्ट मिटून ओरडले, "मैने कहा था, आंधी आली तर!"

"आली तं आली! सोडू नका!"

आणि राठीजींनी सोडला नाही. त्यांच्या तळहाताची सालं निघाली, पण सोडला नाही. पाऊण तासानं वारा पडला, चार टपोरे थेंब आले आणि गेले. मांडव उभा होता. उचललेला कोपरा मात्र जरा फिरून बसला होता, आणि तेव्हापासून मांडव उजवीकडे कललेला आहे. देवराव नंतर सरळ करायला आले तर मेट्रनबाईंनी हात लावू दिला नाही. "फ्रॅक्चर जुळलं. वाकडं जुळलं, पन जुळलं. आता काऊन तोडाचं?" कुठले सांधे टिकले आणि कुठले सुटले हे दोघांनी बारकाईनं पाहिलं. दोन्ही पद्धतींचे सारखेच सुटले होते.

त्या संध्याकाळी मेट्रनबाई राठीजींच्या घरी गेल्या आणि त्यांच्या दोन्ही तळहातांना जांभळं लावून आल्या. राठीजींनी ते आठवडाभर धुतलं नाही. दुकानात गिऱ्हाइकांसमोर कापड मोजताना हात जरा जास्तच उंच धरत, असं भाभी सांगत होत्या.

मे महिन्यात प्रशांत आला. शब्दाला जागणारा मुलगा. अगदी कडक उन्हात, चांगला आठवडाभर राहायला आला. येताना आईसाठी नवी बॅगही आणली होती. मेट्रनबाईंनी ती पाहिली आणि कोनाड्याजवळ नीट उभी करून ठेवली. पहिल्या दिवशी जेवणं झाल्यावर प्रशांत मांडवाच्या बरोबर खालच्या खोलीत, चटईवर, छताकडे बघत पडला. मी समोर खुर्चीवर होतो. तो परीक्षकासारखा दिसत होता. "दुपारी दोन ते चार बघू," म्हणाला. "खरं त्याच वेळेला कळतं."

थोड्या वेळानं त्याचे डोळे मिटले. मग तोंड किंचित उघडलं. मग तो घोरू लागला. बाहेर रस्ता पांढरा पडला होता, चिटपाखरू नव्हतं, आणि हा गडी माहेरी आलेल्या लेकीसारखा झोपला होता. मेट्रनबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. ऊन कललं तरी तो उठला नाही, तेव्हा मी त्याला हलवायला निघालो. त्यांनी मला हातानं थांबवलं.

"उठवू नका," त्या हळूच म्हणाल्या. "हाच रिपोर्ट आहे."

मग आत जाऊन त्यांनी एक पातळ चादर आणली आणि त्याच्या अंगावर टाकली. तळेगावच्या मांडवातल्या पांघरुणाबद्दल मी मनात शंका घेतली होती, ती तेव्हा मागे घेतली.

त्या बॅगेत पुढे भाभींचे पापड राहायचे.

त्यानंतरचे दोन उन्हाळे त्यांनी याच घरात काढले. संध्याकाळी मांडवाखाली सहाही घरं जमत. मेट्रनबाई प्रत्येक खांबावर बोटाच्या पेरानं ठोकून कान लावत आणि "ठीक आहे" म्हणून पुढच्याकडे जात. मग खुर्चीवर बसून सगळ्यांच्या नाड्या. माझे गुडघे गेले तेव्हा त्यांनी मला जिना उतरायला मनाई केली आणि माझा पेपर स्वतः आणू लागल्या. "बेड नंबर पाच, कंप्लीट बेड रेस्ट," असं जिन्यात जाहीर करत.

त्या गेल्या त्या मार्गशीर्षात, पहाटे, झोपेत. उन्हाळ्याला त्यांनी ती संधी दिली नाही.

प्रशांत दुपारपर्यंत पोचला. देवरावांना कुणी कळवलं ठाऊक नाही. ते न बोलावता सामान घेऊन आले. राठीजी वर येऊन मला म्हणाले, "सर, आप मत उतरो. बाईंनी मना केलं आहे." म्हणून मी गच्चीवर गेलो आणि मांडवाखालून चालत कठड्याशी जाऊन उभा राहिलो.

खाली फाटकासमोर, रस्त्याच्या कडेला, अगदी त्याच जागी, देवरावांनी सामान उतरवलं होतं. हिरवे बांबू, तणस, सुतळी, कोरं मडकं. दुधवाला होता. भाभी होत्या. राठीजी काखेत पांढरा तागा धरून उभे होते. सगळं मांडून झालं होतं आणि देवरावांनी सुतळीचं टोकही काढलं होतं. पण कुणी हात लावेना. मग राठीजींनी मान वर केली. मग दुधवाल्यानं. एकेक करत सगळेच गच्चीच्या कठड्याकडे बघू लागले आणि बघतच राहिले.

कठड्याशी मी होतो. त्या सगळ्यांच्या चेहऱ्यांवर काय होतं ते मला वरून स्पष्ट दिसलं. त्यांनी मला पाहिलं आणि हळूहळू माना खाली घातल्या.

देवराव उकिडवे बसले. त्यांनी बांबू मापात तोडले, आडव्या कामट्या बांधल्या. सांधे आठच्या आकड्याचे बांधत होते. बांधून झाल्यावर त्यांनी अवजारांच्या पिशवीत हात घालून खालपर्यंत चाचपलं आणि ती बाटली काढली. बूच सैल व्हायला वेळ लागला. फडक्याचा बोळा करून त्यांनी दोन्ही बांबूंच्या ताज्या तोडलेल्या टोकांना, पुढून आणि मागून, जांभळं लावलं. कुणी हसलं नाही.

राठीजींनी सगळ्यांना पाणी दिलं. मग तिरडी खांद्यावर घेऊन सगळे निघाले.

माझी नजर आता अधू आहे. चौकापर्यंत गेल्यावर मला माणसं ओळखू येईनात, पांढरं कापडही उन्हात मिसळलं. मागची दोन जांभळी टोकं मात्र बराच वेळ दिसत होती, एक जरा वर आणि एक जरा खाली; राठीजी खांद्याला बुटके पडतात. वळणावर ती कलली, सावरली आणि दिसेनाशी झाली.